विश्वविजेता, पण प्राध्यापक नाही: बुद्धिबळ आणि संशोधन एकत्र कसं चालतं?

इमॅन्युएल लास्कर हा जर्मन खेळाडू १८९४ ते १९२१ अशी २७ वर्षं बुद्धिबळाचा विश्वविजेता होता. एवढा काळ हे पद दुसऱ्या कुणालाच टिकवता आलेलं नाही. गणितात मात्र त्याचं नाव वेगळ्याच कारणाने घेतलं जातं. ६० ही संख्या २ × २ × ३ × ५ अशी मूळ संख्यांमध्ये फोडता येते, हे आपण शाळेत शिकतो. बहुपदींच्या समीकरणांचीही अशी काही फोड असते का? क्ष × य = ० हे समीकरण घ्या. ते खरं ठरायचं तर क्ष शून्य हवा किंवा य शून्य हवा. म्हणजे हे एकच समीकरण आलेखावर दोन स्वतंत्र रेषा काढतं, आणि त्या रेषांची पुढे आणखी फोड होत नाही. चलं कितीही असोत, समीकरणं कितीही किचकट असोत, मोजक्या तुकड्यांतली अशी फोड नेहमी करता येते, हे लास्करने १९०५ साली सिद्ध केलं. १९२१ मध्ये जर्मन गणितज्ञ एमी नोएदरने ही कल्पना खूप व्यापक केली आणि आज ते प्रमेय लास्कर-नोएदर या जोडनावाने ओळखलं जातं. त्याच १९२१ मध्ये हवानाला क्युबाच्या कापाब्लांकाने लास्करकडून विश्वविजेतेपद घेतलं.

असं कुणी दिसलं की आपण चटकन म्हणतो, डोकं तल्लख होतं, म्हणून दोन्ही जमलं. मला हे उत्तर फार अपुरं वाटतं. बुद्धी लागतेच, पण दुहेरी कारकिर्दीचं कोडं सुटतं ते वेळापत्रकात. लास्करच्याच तारखा पाहा. आधीचा विजेता स्टाइनिट्झ याच्याविरुद्धचा त्याचा परतीचा सामना जानेवारी १८९७ मध्ये संपला. विश्वविजेतेपदासाठी तो पुन्हा पटावर बसला थेट १९०७ मध्ये, मार्शलविरुद्ध. मधली दहा वर्षं मुकुट पणाला लागलाच नाही. एर्लांगेन विद्यापीठाची पीएच.डी. १९०० ची, मँचेस्टरमधली गणिताची व्याख्यानं १९०१ ची आणि तो गाजलेला शोधनिबंध १९०५ चा. सगळं काम त्या मोकळ्या दहा वर्षांत झालं. विश्वविजेत्याने किती वर्षांनी खेळलंच पाहिजे हे सांगणारी आंतरराष्ट्रीय संघटना तेव्हा नव्हती. फिडे स्थापन झाली १९२४ मध्ये. बुद्धिबळाने त्याला थांबायची मुभा दिली. विद्यापीठांनी मात्र इतक्या कामानंतरही त्याला कायमची जागा कधी दिली नाही.

खेळातून बाजूला गेलेल्याची जागा राहते, संशोधनातून बाजूला गेलेल्याची सहसा राहत नाही. हा फरक समजला की दोन्हीकडे पाय असलेल्या लोकांचे निर्णय समजू लागतात. त्यासाठी आधी दोन्हीकडे वर चढण्याची रीत पाहू.

खेळाडू वर कसा चढतो

बुद्धिबळातली पत रेटिंगने मोजतात. ही पद्धत बसवली अर्पाड एलो यांनी. ते अमेरिकेत मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत आणि स्वतः विस्कॉन्सिन राज्याचे अनेकदा विजेते होते. त्यांची पद्धत अमेरिकन संघटनेने १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना सोपी आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून कुणाला किती गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळायला हवेत याचा अंदाज बांधायचा. फरक २०० चा असेल तर वरच्या खेळाडूकडून १०० डावांत सुमारे ७६ गुणांची अपेक्षा असते. ४०० चा असेल तर सुमारे ९१. अपेक्षेपेक्षा जास्त गुण मिळवले तर रेटिंग वाढतं, कमी मिळवले तर घटतं.

किती वाढतं, हे एका गुणकावर ठरतं, आणि खरी मेख तिथे आहे. नव्या खेळाडूसाठी हा गुणक ४० असतो, पुढे २०. एकदा २४०० ला पोचलं की तो कायमचा १० होतो. म्हणजे २४०० चा खेळाडू नऊ डावांच्या स्पर्धेत अपेक्षेपेक्षा पूर्ण एक गुण जास्त मिळवतो, तेव्हा त्याचं रेटिंग फक्त १० ने वाढतं. २५०० गाठायला अशा दहा चांगल्या स्पर्धा हव्यात, आणि मधे एकही वाईट जाता कामा नये. ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वोच्च किताब. तो मिळवण्याच्या नेहमीच्या वाटेवर हे २५०० लागतंच. शिवाय तीन नॉर्म लागतात, आणि ते मिळून किमान २७ डावांचे असावे लागतात. नॉर्म म्हणजे किमान नऊ डावांच्या स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी. प्रतिस्पर्ध्यांमध्ये किमान तीन ग्रँडमास्टर असायला हवेत आणि सगळ्यांच्या रेटिंगची सरासरी किमान २३८० हवी. सरासरी नेमकी २३८० असेल तर नऊपैकी सात गुण मिळवावे लागतात. साडेसहा मिळाले तर हाती काहीच नाही.

वेळाच्या भाषेत याचा अर्थ असा: रोज एक डाव, तोही चार-पाच तासांचा, सकाळी प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव काढून ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या चालींची, तयारी, संध्याकाळी थकून परत. एका स्पर्धेला प्रवास धरून दहा-अकरा दिवस जातात. तीन स्पर्धांत तीन नॉर्म असं भाग्य विरळा. बहुतेकांना दोन-चार वर्षं अशा स्पर्धांमागे फिरावं लागतं, आणि दोन स्पर्धांच्या मधला काळ सरावाचाच असतो.

आणि संशोधक?

पीएच.डी.ला चार-सहा वर्षं. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका, त्याही बहुधा वेगवेगळ्या गावांत. मग कायम जागेसाठी अर्ज. निवड समिती अलीकडच्या वर्षांत काय छापून आलंय ते बघते. गणितासारख्या विषयात एक निबंध तपासून छापून यायला वर्षसुद्धा लागतं, त्यामुळे आज घेतलेल्या सुट्टीची खूण यादीत दोन-तीन वर्षांनी दिसते, नेमकी अर्ज करायच्या वेळी. शिवाय विषय पुढे सरकलेला असतो: आपण ज्या प्रश्नावर काम करत होतो तो दुसऱ्या कुणी सोडवलेला असू शकतो.

दोन्हीकडचा सगळ्यात उभा चढ साधारण १८ ते ३० या वयात येतो. त्या वर्षांत दोन्ही पूर्ण वेगाने करणारी माणसं इतिहासातही बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात.

बुद्धिबळाचे नियम मात्र थांबणाऱ्याला सांभाळून घेतात. ग्रँडमास्टर, त्याखालचा इंटरनॅशनल मास्टर हे किताब आयुष्यभराचे असतात. वर्षभर एकही रेटेड डाव खेळला नाही तर फिडेच्या यादीत निष्क्रिय अशी नोंद होते, पण रेटिंगचा आकडा जिथे होता तिथेच राहतो. मिळवलेल्या नॉर्मला मुदत नसते. २५०० चं रेटिंगही एकदाच गाठावं लागतं, अगदी स्पर्धेच्या मध्यावर क्षणभर गाठलं तरी चालतं. नंतर ते खाली आलं तरी किताब जात नाही. गंज चढतो तो तयारीवर. ओपनिंगचं ज्ञान झपाट्याने जुनं होतं, वेळेच्या दडपणाखाली अचूक हिशोब करायची सवय सुटते. पण कुणी किताब परत मागत नाही.

१९७८ सालचे दोन ग्रँडमास्टर

हा फरक जितका स्पष्ट दोन माणसांच्या आयुष्यात दिसतो, तितका नियमांच्या पुस्तकात दिसत नाही. अमेरिकेचा केनेथ रोगॉफ आणि इंग्लंडचा जॉन नन हे दोघेही १९७८ मध्ये ग्रँडमास्टर झाले. दोघांचंही शिक्षण थेट वरपर्यंत गेलेलं. दोघांनी उलट दिशा धरल्या.

रोगॉफने शाळकरी वयातच शाळा सोडून युरोपात स्पर्धा खेळल्या. १९७५ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत तो दुसरा आला, १९७६ मध्ये बीलच्या इंटरझोनल, म्हणजे विश्वविजेतेपदाच्या पात्रतेच्या, स्पर्धेत खेळला. तोवर येल विद्यापीठातून तो अर्थशास्त्राकडे वळला होता. १९८० मध्ये एमआयटीची पीएच.डी. झाली. म्हणजे ग्रँडमास्टर किताब हातात पडला तेव्हा तो खेळातून जवळजवळ बाहेर पडला होता. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा मुख्य अर्थतज्ज्ञ (२००१ ते २००३) आणि हार्वर्डचा प्राध्यापक अशी कारकीर्द झाली. स्पर्धात्मक खेळ संपला तो संपलाच. तरी २०१२ मध्ये एका ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट, डावात तेव्हाचा जगातला अव्वल खेळाडू मॅग्नस कार्लसन याच्याशी त्याने बरोबरी साधली. तरुणपणी बसलेली नजर इतकी वर्षं टिकली होती.

नन १५ व्या वर्षी ऑक्सफर्डला गणित शिकायला गेला. बीजगणितीय टोपॉलॉजी या आकारांचा अभ्यास करणाऱ्या गणिताच्या शाखेतली पीएच.डी. १९७८ चीच, म्हणजे डॉक्टरेट आणि ग्रँडमास्टर किताब एकाच वर्षी. तो ऑक्सफर्डमध्ये शिकवू लागला, आणि १९८१ मध्ये ती नोकरी सोडून व्यावसायिक खेळाडू झाला. काही वर्षांतच जगातल्या पहिल्या दहांत पोचला. कॉम्प्युटरने शेवटपर्यंत सोडवलेल्या एंडगेमचा, म्हणजे डावाच्या अखेरच्या टप्प्याचा, अभ्यास करून त्याने जी पुस्तकं लिहिली, त्यांत गणितज्ञाची शिस्त पानोपानी दिसते. २०२२ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्याने ६५ वर्षांवरच्या गटाचं विश्वविजेतेपद जिंकलं.

दोघांनाही आपापल्या ठिकाणी मान मिळाला, पण त्यांनी सोडून दिलेल्या गोष्टी सारख्या नव्हत्या. रोगॉफ आजही ग्रँडमास्टर आहे. ननकडे डॉक्टरेट आहे, पण टोपॉलॉजीतला संशोधक म्हणून १९८१ ला जी वाट सुटली, तिच्याकडे परतण्यासाठी ज्येष्ठांचा गट नसतो.

तिसरा मार्ग: दोन्ही, पण आळीपाळीने

डच खेळाडू माक्स ऑयवे हे याचं उत्तम उदाहरण. १९२६ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट, मग मुलींच्या शाळेत गणित शिक्षक. शाळा सांभाळून त्याने १९३५ मध्ये तेव्हाच्या विश्वविजेत्या अलेखाइनला ३० डावांच्या सामन्यात १५.५ विरुद्ध १४.५ असं हरवलं आणि तो विश्वविजेता झाला. दोन वर्षांनी परतीच्या सामन्यात पद गेलं. उतारवयात तो संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १९७० ते १९७८ फिडेचा अध्यक्षही होता.

ऑयवेचं माझं आवडतं काम १९२९ चं आहे, कारण त्यात त्याचे दोन्ही पेशे एकाच पानावर आले. त्या काळी एक नियम असा होता की चालींची तीच मालिका लागोपाठ तीन वेळा झाली तर डाव बरोबरीत सुटेल. या नियमामुळे प्रत्येक डाव कधीतरी संपतो का? ऑयवेने दाखवलं की नाही. समजा ० म्हणजे घोड्यांची अशी एक ये-जा, जिच्यानंतर पट पुन्हा पहिल्यासारखा होतो, आणि १ म्हणजे तशीच दुसरी ये-जा. आता ० पासून सुरुवात करा आणि दर पायरीला ० च्या जागी ०१, १ च्या जागी १० लिहीत जा: ०, मग ०१, मग ०११०, मग ०११०१००१. ही रांग हवी तितकी लांबवता येते, आणि तिच्यात कोणताही तुकडा लागोपाठ तीन वेळा कधीच येत नाही. खेळाडूंनी या रांगेनुसार घोडे हलवले तर नियम कधी लागूच होत नाही आणि डावही संपत नाही. गणितात ही रांग थू आणि मॉर्स यांच्या नावाने ओळखली जाते; ऑयवे तिच्यापर्यंत स्वतंत्रपणे पोचला. आजचा नियम चालींची मालिका मोजत नाही, पटावरची स्थिती मोजतो: तीच स्थिती तीनदा आली तर खेळाडू बरोबरी मागू शकतो, पाचदा आली तर डाव आपोआप संपतो. त्यामुळे ही पळवाट उरलेली नाही.

मिखाइल बोत्विनिक विद्युत अभियंता होता. १९४८ मध्ये विश्वविजेता झाल्यावर तीन वर्षं तो एकही जाहीर स्पर्धा खेळला नाही; डॉक्टरेटच्या प्रबंधावर काम करत राहिला. १९५१ मध्ये थेट ब्रॉनस्टाइनविरुद्धच्या सामन्यात बसला, हातात तीन वर्षांचा गंज घेऊन, आणि सामना १२-१२ असा सुटल्यामुळे जेमतेम पद राखलं. लास्करसारखीच रजा, फक्त किंमत डोळ्यांसमोर दिसली.

बोत्विनिक ज्यात विश्वविजेता झाला, ती १९४८ ची सहा निमंत्रितांची स्पर्धा तर या विषयाचा जणू नमुनाच आहे. विजेता बोत्विनिक, अभियंता. शेवटच्या क्रमांकावर ऑयवे, गणिताचा डॉक्टर, २० पैकी फक्त ४ गुण. मुख्य पंच मिलान विदमार, स्वतः एके काळी जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी आणि ल्युब्ल्यानामध्ये विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक. ट्रान्सफॉर्मरवरचं त्याचं काम इतकं महत्त्वाचं की तिथली एक संशोधन संस्था त्याच्या नावाने चालते. आणि सहावी खुर्ची रिकामी. ती होती अमेरिकेच्या रूबेन फाइनची. १९३८ च्या आव्ह्रो या अव्वल खेळाडूंच्या स्पर्धेत तो एस्टोनियाच्या केरेससह पहिला आला होता, निमंत्रणही होतं. तो खेळायला गेला नाही, आणि त्याच वर्षी त्याने मानसशास्त्रातली पीएच.डी. पूर्ण केली.

बुद्धीचं काय?

बुद्धिबळात बसलेली बुद्धी संशोधनात जशीच्या तशी उपयोगी पडते का? यावर सर्वात चांगलं काम अशाच दुहेरी माणसांनी केलं आहे. आद्रियान द ग्रोट हा डच मानसशास्त्रज्ञ नेदरलँड्सकडून ऑलिंपियाडमध्ये खेळलेला. १९४६ च्या आपल्या प्रबंधात त्याने दाखवलं की अव्वल खेळाडू चांगल्या क्लब खेळाडूपेक्षा फार खोलवर चाली मोजत नाही. त्याला योग्य चाल आधी *दिसते*. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली तर तो जवळजवळ सगळी सोंगट्यांसकट परत मांडतो. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पुढची कसोटी घेतली: सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या. मास्टरचा वरचष्मा जवळपास नाहीसा झाला. त्याच्या डोक्यात साठलेले असतात ते खऱ्या डावांतले हजारो आकृतिबंध, सर्व कामाला चालणारी स्मरणशक्ती तिथे नसते. स्विस इंटरनॅशनल मास्टर आणि मानसशास्त्रज्ञ फर्नांड गोबे यांनी पुढे सायमनबरोबर याच विषयावर काम केलं.

हे निष्कर्ष दुहेरी कारकिर्दीला थेट लागू होतात. आकृतिबंध ज्या क्षेत्रात गोळा केले त्याच क्षेत्रात उपयोगी पडतात. म्हणून पटावर घालवलेली दहा वर्षं टोपॉलॉजीत किंवा अर्थशास्त्रात जमा होत नाहीत. तिथली दहा वर्षं वेगळी द्यावी लागतात. एका जागी तासन् तास बसणं, पराभवाचा डाव थंड डोक्याने तपासणं, या सवयी नक्कीच सोबत येतात, पण त्या वर्षांची भरपाई करत नाहीत.

ज्यांचा संशोधनाचा विषयच बुद्धिबळाला चिकटलेला असतो, त्यांचं गणित थोडं वेगळं. बफेलो विद्यापीठातले केनेथ रीगन हे इंटरनॅशनल मास्टर आणि संगणकशास्त्राचे प्राध्यापक. कॉम्प्युटरची मदत घेऊन कुणी खेळतंय का, हे ते संख्याशास्त्राने तपासतात. अमुक रेटिंगचा माणूस अमुक स्थितीत इंजिनची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमची, पहिली पसंती किती वेळा निवडेल, याचा अंदाज बांधायचा. मग शेकडो चालींवर प्रत्यक्ष आकडा त्याच्यापासून किती दूर गेला ते बघायचं. एलोंचीच कल्पना, फक्त डावाऐवजी एकेका चालीला लावलेली.

मग एखाद्याने काय करावं?

समजा एका विद्यार्थ्याकडे दोन ग्रँडमास्टर नॉर्म आहेत, रेटिंग २४७० आहे आणि पीएच.डी.चा प्रवेश समोर आहे. गुणक १०, म्हणजे ३० रेटिंगसाठी अपेक्षेपेक्षा एकूण तीन गुण जास्त आणि आणखी एक नॉर्म. वर्षभर मन लावून खेळलं तर हे आवाक्यातलं आहे. विद्यापीठ प्रवेश वर्षभर पुढे ढकलू देत असेल तर ते वर्ष खेळाला द्यावं असं मी सांगेन. किताब एकदा मिळाला की प्रबंधाच्या सगळ्या वर्षांत त्याची काळजी राहत नाही.

दुसऱ्याचं रेटिंग २३५० आहे, नॉर्म एकही नाही. २४०० पर्यंत गुणक २० धरला तर अडीच गुण जास्त, त्यापुढे २५०० पर्यंत दहा गुण जास्त, शिवाय तिन्ही नॉर्म. हे एका वर्षाचं काम नाही, आणि ते होईपर्यंत पीएच.डी.चं वय निघून जातं. फिडे मास्टर या आणखी खालच्या किताबाला २३०० लागतात, तो किताब याने आधीच कमावलेला आहे. याने प्रवेश घ्यावा, उन्हाळ्यात एक स्पर्धा आणि वर्षभर क्लबची लीग खेळत राहावी, आणि इंटरनॅशनल मास्टरच्या २४०० वर नजर ठेवावी. त्याचे नॉर्म २४५० च्या कामगिरीवर मिळतात आणि तेही संपत नाहीत.